परसबागेचा तिसरा रकाना : ‘उमेद’च्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
उमेद – महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान,
नवी मुंबई



हे पत्र मी सिकंदराबादहून लिहितो आहे. पोटापाण्यासाठी मराठवाडा सोडून इथे स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांपैकी आमचे एक. गाव सुटले, नातीगोती सुटली नाहीत. देगलूर-बिलोलीकडच्या माझ्या बहिणी-भावजया बचत गटांत आहेत, आणि आपल्या ‘माझी पोषण परसबाग’ मोहिमेतून त्यांनी अंगणात वाफे केले आहेत. ते वाफे मी पाहतो, कौतुकही करतो. तरी एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. परसबागेने चार पैसे हाती येतील, असे सांगून बाईला उभे केले जाते. वर्ष सरल्यावर ती हिशेब करते, हाती आलेले पैसे दिसत नाहीत आणि बाग वाळू दिली जाते. खरे तर फायदा झालेला असतो. तो ज्या रकान्यात लिहायला हवा होता, तो रकानाच वहीत नसतो.

परसबाग फायद्याची आहे, असे माझे ठाम मत आहे. तो फायदा बाजारात शोधू नये, एवढेच मला आपल्यापुढे मांडायचे आहे. हे बाजाराच्या शेजारी राहून सांगतो आहे, म्हणून आधी बाजाराबद्दल.

सिकंदराबादेत बोवेनपल्लीला डॉ. बी. आर. आंबेडकर भाजी मार्केट यार्ड आहे. मालमोटारी, अडते, लिलाव, हमाल असा तिथला कारभार. या यार्डात रोज साधारण दहा टन भाजी खराब किंवा न विकलेली म्हणून बाजूला पडते. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेच्या तंत्रावर चालणारा जैववायू प्रकल्प त्या कचऱ्यापासून दिवसाला सुमारे पाचशे युनिट वीज तयार करतो. ३१ जानेवारी २०२१ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला होता. प्रकल्प उत्तमच आहे. पण दहा टन हा आकडा शेतकऱ्याच्या बाजूने वाचून पाहा. एकरांनी भाजी लावणाऱ्या, स्वतःचे वाहन असणाऱ्या माणसाच्या मालाचीसुद्धा इथे ही गत होते. चार किलो वांगी आणि कोथिंबिरीच्या दहा जुड्या एवढाच माल असलेल्या बाईसाठी असे यार्ड कुठेच बांधलेले नसते.

छोट्या शेतकऱ्यासाठी बांधलेली जागा म्हणजे रयतू बाजार. एकत्रित आंध्र प्रदेशात २६ जानेवारी १९९९ रोजी ही योजना सुरू झाली. शेतकऱ्याला ओळखपत्र, बसायला गाळा, मधला दलाल नाही, आणि घाऊक भावाच्या वर पण किरकोळ भावाच्या खाली असा दर रोज सकाळी फळ्यावर. पंचवीस वर्षांनंतरही हैदराबाद-सिकंदराबादच्या मध्यमवर्गाची पिशवी या बाजारांतून भरते. महाराष्ट्रानेही २०१६ साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार भरवले. या सगळ्याचा लाभ शहराच्या आसपासच्या, दहा-वीस गुंठे तरी भाजी करणाऱ्या कुटुंबाला होतो. शहरापासून दोनशे किलोमीटरवर, घरामागच्या जेमतेम जागेत भाजी पिकवणाऱ्या बाईचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिच्या मोहिमेला बाजाराची भाषा चिकटल्यामुळे तो दिसेनासा झाला आहे.

आता हिशेब मांडतो. त्यातले आकडे आपल्या कार्यालयात कोणीही पडताळून पाहू शकेल.

आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, तारनाक्याला, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीत सुरू केलेले काम १९५८ मध्ये हैदराबादला आले. या संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. पाच माणसांच्या घराला म्हणजे रोज दोन किलो, वर्षाला ७३० किलो. सरासरी ४० रुपये किलो धरले तर २९,२०० रुपयांची भाजी.

दुसऱ्या बाजूला सरकारचेच कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षण ठेवा. २०२३-२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये होता आणि त्यातला सुमारे सहा टक्के वाटा भाज्यांचा. म्हणजे माणशी महिन्याला अडीचशे रुपयांच्या आत. पाच माणसांचे घर वर्षाला जवळपास १५,००० रुपयांची भाजी खाते. त्याच ४० रुपयांच्या दराने ती पावणेचारशे किलो होते, म्हणजे माणशी रोज दोनशे ग्रॅम. त्यातच कांदा-बटाटाही आला.

चारशे हवी आणि दोनशे मिळते. ही उरलेली दोनशे ग्रॅम भाजी कुटुंब आज विकत घेत नाही, उद्याही घेणार नाही, कारण पैसा हाती आला की त्याच्यावर आधी दवाखाना, शाळा, खत आणि लग्नकार्य हक्क सांगतात. नांदेड जिल्ह्यातल्या कोणत्याही मजुराच्या घरी उन्हाळ्यात जेवायला बसा. भाकरी, पिठलं, तिखटाचा ठेचा, कधी वरण. हिरवी भाजी आठवडी बाजाराच्या दिवशी आणि फार तर दुसऱ्या दिवशी.

आता त्या घरी परसबाग झाली. रोज अर्धा किलो भाजी निघू लागली. घरचे ती खातात, पोरांच्या ताटात पालक पडतो, अंबाडीची भाजी आठवड्यातून दोनदा होते. बाजारात मात्र पूर्वीइतकाच पैसा जातो, कारण कांदा-बटाटा-टोमॅटो पूर्वीसारखाच आणावा लागतो. भाजी विकलेली नाही, म्हणून ‘उत्पन्न’ या रकान्यात शून्य. खर्च फारसा घटलेला नाही, म्हणून ‘बचत’ या रकान्यातही जवळपास शून्य. आणि तरीही त्या घरात वर्षाला १८० किलो भाजी जास्तीची खाल्ली गेली. बाजारभावाने तिची किंमत ७,२०० रुपये होते. हा नफा आपल्या कोणत्याही तक्त्यात येत नाही. परसबागेचा सर्वांत मोठा नफा हाच आहे, आणि तो मोजला जात नाही म्हणून बाईला सासरा विचारतो, या वाफ्यांतून तुला मिळाले काय?

हे मोजमाप नवे नाही. पोषण संस्थेत आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञ डॉ. महताब बामजी यांनी निवृत्तीनंतर डांगोरिया चॅरिटेबल ट्रस्टमार्फत मेदक जिल्ह्यातल्या नरसापूर भागात घराजवळच्या भाजीबागांचे काम केले. बागेला त्यांनी घरच्या कोंबड्या आणि आहारशिक्षण यांची जोड दिली, आणि यश कशाने मोजले तर घरातली माणसे आठवड्यातून किती वेळा पालेभाजी खातात, याने. कोंबडीची अंडी घरात खाल्ली जातात की विकली जातात, हेही त्यांनी पाहिले. सिकंदराबादपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर हे काम झाले आहे. आपले अधिकारी अभ्यासदौऱ्यावर हैदराबादला येतातच. एक दिवस तिकडेही जावे.

इथे एक सावधगिरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के आणि तेलंगणातल्या ५७.६ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पालक लावा आणि रक्त वाढवा, असे फलक त्यामुळे लागतात. पालेभाजीतले लोह शरीरात फार थोडे शोषले जाते. सोबत लिंबू, आवळा, टोमॅटो असेल तर थोडे अधिक. परसबाग अ जीवनसत्त्वाची, क जीवनसत्त्वाची, फोलेटची भर घालते. रक्तक्षयावर ती एकटी पुरी पडत नाही, लोहाच्या गोळ्यांची जागा तर मुळीच घेत नाही. जे वचन ती पाळू शकत नाही, ते तिच्या नावाने देऊ नये.

आता कष्टांकडे वळतो, कारण तिथेच हिशेब उलटतो.

बाई बागेत रोज अर्धा तास घालवते असे धरा. वर्षाचे झाले १८२ तास, म्हणजे आठ तासांचे सुमारे तेवीस दिवस. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर ३१२ रुपये होता. त्या दराने तिची मजुरी ७,१०० रुपयांच्या पुढे जाते. भाजीची किंमत ७,२००. बरोबरी झाली. पण तिला लांबच्या बोअरवरून घागरी आणाव्या लागल्या आणि अर्ध्याचा एक तास झाला, तर मजुरी चौदा हजारांवर जाते आणि बाग सरळ तोट्यात येते. कोणी म्हणेल, सकाळच्या त्या अर्ध्या तासाला बाहेर कुठे मजुरी मिळणार होती? खरे आहे. स्वयंपाक आणि पोरांची शाळा यांच्यामधल्या तेवढ्या वेळात कोणी कामावर बोलावत नाही, आणि म्हणूनच अर्ध्या तासाची बाग परवडते. तासाभराची परवडत नाही. चुलीपुढे उभे राहायच्या आधीच तिची कंबर दुखत असते. बाईच्या कष्टाची किंमत शून्य धरली की जगातला कोणताही घरगुती उद्योग फायद्यात दिसतो. उमेदसारख्या स्त्रियांच्या अभियानाने तरी असा हिशेब करू नये.

अर्ध्या तासाचा तास कशाने होतो? पाण्याने. परसबागेचे गणित सगळ्यांत जास्त पाण्यात अडकलेले आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्या भागात भाजीला थंडीत दिवसाला सुमारे चार मिलिमीटर आणि एप्रिल-मेमध्ये सात किंवा त्याहून अधिक पाणी लागते. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. त्याला थंडीत रोज चारशे लिटर आणि उन्हाळ्यात सातशे लिटर हवे. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी ५५ लिटर. पाच जणांच्या घराला २७५ लिटर, तेही नळ रोज आला तर. त्यातले अंघोळीचे, भांड्यांचे, भाजी-तांदूळ धुतल्याचे मिळून मोरीतून फार तर दोनशे लिटर बाहेर पडते. गुंठाभर बाग या पाण्यावर जगणार नाही, हे कागदावरच दिसते. सहा मीटर बाय सहा मीटरची, म्हणजे ३६ चौरस मीटरची बाग मात्र जगते. थंडीत तिला दीडशे लिटरच्या आत पाणी पुरते. उन्हाळ्यात अडीचशे लागते, म्हणून फेब्रुवारीअखेर तिचा तिसरा हिस्सा मोकळा सोडावा आणि उरलेल्यावर पाचटाचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन टाकावे.

बागेचा आकार मोरीतल्या पाण्यावर ठरतो, आणि आपली जुनी घरे हे जाणून होती. मोरीच्या तोंडाशी अळू, जरा पुढे केळ, कोपऱ्यात शेवगा, छपरावर दोडक्याचा नाहीतर दुधीचा वेल. यातले एकही झाड घागरीने पाणी मागत नसे.

आणि इथे आमच्या नांदेड जिल्ह्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारे बंद केली, डास हटवले, आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ते काम रोजगार हमीतून जिल्हाभर गेले. गावाची तब्येत सुधारली. माझी विनंती एवढीच, की शोषखड्ड्याकडे जाणारे पाणी आधी वाफ्यातून जाऊ द्यावे आणि उरलेले खड्ड्यात मुरावे. पावसाळ्यात ते थेट खड्ड्यात सोडावे, दिवाळीपासून पुढे वाफ्याकडे वळवावे. कपडे धुतलेले सोड्याचे पाणी पालेभाजीला नको, ते केळीला किंवा सरळ खड्ड्याला. दोन फूट पाइप, वाळू-खडीची एक छोटी गाळणी आणि वळवायला एक विटेचा अडसर, एवढेच जास्तीचे काम. रोजगार हमीच्या शोषखड्ड्याच्या नमुना अंदाजपत्रकातच ते घातले तर बाईचा अर्धा तास अर्धाच राहील. हे पाणी खाते, ग्रामविकास आणि उमेद यांनी एका टेबलावर बसून करण्याचे काम आहे, आणि ते आपणच घडवून आणू शकता.

पाण्यानंतर कुंपण. बियाण्याचे पाकीट वाटणे सोपे असते, त्याचा फोटोही निघतो. पण बाग बियाण्यावाचून मरत नाही, शेळीने मरते, डुकराने मरते, आणि सीमेच्या या बाजूला वानरांनी मरते. तेलंगणातल्या गावांमध्ये माकडांचा उपद्रव एवढा वाढला, की डिसेंबर २०२० मध्ये सरकारने निर्मलला माकडांसाठी बचाव आणि पुनर्वसन केंद्र उघडले. निर्मल म्हणजे आमच्या धर्माबाद-भोकरचा शेजार. जुन्या साड्या बांधून केलेली कुंपणे तिकडच्या प्रत्येक गावात दिसतात, आणि बाईने ते आपल्या बुद्धीने शोधलेले उत्तर आहे. ते डुकराला थोडे थांबवते, वानराला नाही. वानरे जिथे येतात तिथे टोमॅटो, वांगी, काकडी लावायचा आग्रह धरू नये. तिथे अंबाडी, आंबट चुका, अळू, कारले, मिरची, लसूण, कढीपत्ता लावावा. प्रत्येक गावाला एकच ठरावीक यादी आणि एकच वर्तुळाकार आराखडा पाठवला, की निम्मी बाग पहिल्याच वर्षी जाते. कुंपणासाठी गटाच्या फिरत्या निधीतून बिनव्याजी हजार-दोन हजार द्यावेत. बियाण्याच्या दहा पाकिटांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

बियाण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. परसबागेतूनच त्यांनी गावठी वाल, घेवडे, भाज्यांची बी जपली, बायफ संस्थेने त्यांना साथ दिली, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. इकडे जहीराबादला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायकांनी १९८३ पासून हेच केले. बी उसने द्यायचे आणि सुगीनंतर वाढवून परत घ्यायचे. २०१९ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या बायका शेतात न पेरता उगवणाऱ्या भाज्यासुद्धा मोजतात. आमच्याकडे तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू या भाज्या सोयाबीनच्या तणनाशकाने जवळपास संपवल्या. गावात फुकट मिळणारी भाजी आपण फवारून मारतो आणि मग परसबागेची मोहीम काढतो, याचे मला मनापासून दुःख होते. बांधाकडेची एक पट्टी तणनाशकाविना राखा, एवढा ठराव प्रत्येक ग्रामसंघाने करावा.

आता सर्वांत अवघड प्रश्न. ज्याला परसच नाही त्याचे काय?

पंतप्रधान आवास योजनेतल्या घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. अनेक गावांत दलित वस्ती आणि तांड्यावर घराला घर लागून आहे, अंगण म्हणजे रस्ता. ज्या घरात भाजी सर्वांत कमी खाल्ली जाते, त्याच घरापाशी बागेला जागा नसते. परसबागेच्या यशाच्या कहाण्या मुख्यतः ज्यांच्याकडे आवार आहे त्यांच्याच असतात, हे आपण मान्य केले पाहिजे.

यावर तीन ठिकाणी वाटा निघाल्या आहेत आणि तिन्हींतून शिकण्यासारखे आहे. पहिली आपल्या घरचीच. धाराशिव-लातूर भागात स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेने दुष्काळाच्या वर्षांत बायकांना घरच्या शेतातून अर्धा-एक एकर मागून घ्यायला शिकवले. नगदी पिकाऐवजी त्या तुकड्यावर धान्य, डाळी, भाज्या, आधी घरासाठी आणि मग विकायला. २०१६ मध्ये या संस्थेलाही इक्वेटर पुरस्कार मिळाला, आणि प्रेमा गोपालन यांनी उभे केलेले ते काम त्यांच्या पश्चातही चालू आहे. त्यातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे काय पेरायचे हे त्या एकरावर बाई ठरवू लागली. दुसरी वाट आंध्र प्रदेशच्या नैसर्गिक शेती कार्यक्रमातली. वीस सेंट, म्हणजे आठ गुंठ्यांवर, पंधरा-वीस प्रकारच्या भाज्या अशा पाळीने लावायच्या की एक निघाली की दुसरी तयार. तिकडे तिला ‘एटीएम’ म्हणतात. आठ गुंठे आणि खात्रीचे पाणी असेल तर तिथे पैसा सुटतो, हे मी मान्य करतो. पण ती परसबाग नव्हे, ती छोटी भाजीशेती आहे, आणि दोन्हींना एकाच योजनेत कोंबले तर दोन्ही बिघडतात.

तिसरी वाट भूमिहीनांसाठी, गटाने जमीन खंडाने घेण्याची. अर्थशास्त्रज्ञ बिना अगरवाल यांनी केरळ आणि तेलंगणातल्या स्त्रियांच्या गटशेतीची एकट्या कुटुंबांच्या शेतीशी तुलना केली. केरळच्या कुटुंबश्री गटांनी केळी आणि भाजी लावली, बाजार धरला, आणि एकट्यांच्या शेतीला मागे टाकले. तेलंगणातल्या गटांनी बहुतेक धान्य लावले; एकरी उत्पादनात ते मागे राहिले, पण मजुरी वाचल्यामुळे निव्वळ उत्पन्नात बरोबरीला आले. केरळमागे कर्ज, प्रशिक्षण आणि पंचायतीचे पाठबळ अखंड होते. तेलंगणात प्रकल्प संपला तसे ते आटले. गटाला खंडाने जमीन द्यायची असेल तर पाच वर्षे सोबत राहण्याची तयारी हवी, हा यातला धडा. गावठाणालगतची पडीक गायरान, शाळेमागची जागा, पाणीपुरवठ्याच्या टाकीखालची ओली जमीन, असे तुकडे ग्रामपंचायतीने भूमिहीन बायकांच्या गटाला निदान तीन हंगामांसाठी लेखी द्यावेत. तोंडी दिलेली जागा बाग हिरवी झाली की परत मागितली जाते.

विक्रीबद्दल शेवटचे. वाढावा निघतोच. श्रावणात दोडका एवढा लागतो की शेजारीही पुरे म्हणतात. तो विकण्यात काही गैर नाही, फक्त किती अंतरावर विकायचा याचे गणित कडक आहे. दहा जुड्या मेथी घेऊन बाई तालुक्याला गेली आणि जाण्या-येण्याच्या तिकिटातच चार जुड्या गेल्या, तर दिवसही गेला. तेलंगणाने ९ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या स्त्रियांना साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये मोफत प्रवास दिला. भाजी विकणाऱ्या बाईचा त्यामुळे वाचलेला पैसा हा तिचा नफाच. महाराष्ट्राने मार्च २०२३ पासून एस.टी.त निम्मे तिकीट केले, तेही मोठे पाऊल आहे. त्यात आणखी एक गोष्ट जोडता येईल. बचत गटाच्या ओळखपत्रावर वीस किलोपर्यंतच्या भाजीच्या टोपलीला कोणतेही भाडे लागू नये. आणि त्याही आधी गावातच गिऱ्हाईक शोधावे. अंगणवाडी आणि शाळेचा पोषण आहार शिजवणारी बाई बऱ्याचदा त्याच गटातली असते, आणि भाजी मात्र तालुक्याहून आलेली असते. गटाने आठवड्याची भाजी ठरलेल्या भावाने शाळेला द्यावी, पैसे महिन्याच्या आत मिळावेत, एवढी व्यवस्था झाली तर २०२३ सारखे जुलैत शंभरावर गेलेले आणि सप्टेंबरात मातीमोल झालेले टोमॅटोचे भाव तिला फार हलवणार नाहीत.

महोदय, आपल्या कृषी सखी गावोगाव फिरतात, त्यांच्या हातात नोंदवही असते. परसबागेच्या पानावर आज ‘विक्री’ आणि ‘बचत’ या नोंदी असतील, तर त्यांच्याशेजारी दोन नोंदी वाढवा. एक, या आठवड्यात घरात किती दिवस हिरवी भाजी शिजली आणि बाईच्या स्वतःच्या ताटात ती आली का. आपल्याकडे शेवटी जेवायला बसणारी तीच असते, म्हणून हा प्रश्न नाव घेऊन विचारावा लागेल. दोन, बागेत तिचा किती वेळ गेला आणि पाणी कुठून आले. या नोंदींना पैसा लागत नाही, शासन निर्णयही लागू नये. वर्षभराने त्या एकत्र केल्या की कोणत्या गावात बाग वाढवायची, कुठे आधी मोरीचे पाणी वळवायचे आणि कुठे घरामागचा आग्रह सोडून गटाला जमीन मिळवून द्यायची, हे आपल्याला स्वच्छ दिसेल.

सीमेवरच्या देगलूर, बिलोली, धर्माबाद आणि किनवट या चार तालुक्यांपासून सुरुवात करावी. इथल्या बायकांचे नातेवाईक दोन्ही राज्यांत आहेत; दोन्हीकडच्या योजना त्या रोज तुलना करून पाहतात आणि काय टिकते ते नेमके सांगतात. येत्या खरिपाआधी, मे महिन्यातच, त्यांच्या ग्रामसंघांची बैठक बोलवावी आणि ही नोंदवही त्यांच्याकडूनच आखून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
सिकंदराबादेत राहणारा एक मराठवाडी